उन्हाळ्यात संत्र्याच्या आळ्यातलं तण



एप्रिल संपत आला की आपल्या वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडच्या बागांत दोन ओळींमधली जमीन करपलेली असते आणि झाडाखाली, ठिबकचं पाणी पडतं तेवढी जागा हिरवीगार. ते हिरवं म्हणजे तण. झाडाची पाणी ओढणारी मुळंही तिथेच असतात. बोअर खोल खोल चालले आहेत, आणि त्या मोलाच्या पाण्यातला वाटा हरळी पिऊन जाते. तेव्हा तण काढायचं, यात वाद नाही. वाद आहे तो कसं काढायचं याचा.

आम्हीही आधी कुदळच धरत होतो. खणलेलं आळं काळंभोर दिसलं की बागेचं गावात नाव व्हायचं. एका मे महिन्यात अशीच खणणी केली आणि आठवड्याभरात त्या झाडांखाली आंबियाच्या गोटीएवढ्या फळांचा सडा पडला. उन्हानं थोडी गळ होतेच. पण शेजारच्या ओळीत, जिथे आमचा हात पोचला नव्हता, तिथे एवढी नव्हती. माती उकरून पाहिली तर तुटलेली तंतुमुळं. संत्र्याची ही बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. भर उन्हात ती तोडली की झाडाचं पाणी पिणंच कमी होतं, आणि जखमेतून बुरशी शिरायला वाट मिळते ती वेगळीच.

आता आम्ही पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत जातो. माती मऊ असते, कोवळं तण हातानं उपटून येतं. मोठं झालेलं विळ्यानं जमिनीलगत कापायचं. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी उपटायचं, आणि हातमोजे घालूनच. त्याची खाज एकदा लागली की महिनाभर पिच्छा सोडत नाही. हरळीचे तुकडे करू नका, प्रत्येक कांडं नवं रोप होतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात, तो पुन्हा येणार. तो आला की कापायचा, एवढंच.

घरातली माणसं म्हणतात, फवारा मारून मोकळं व्हा. पण धूळ बसलेलं, उन्हानं मलूल झालेलं तण औषध नीट शोषत नाही. पैसा जातो, तण राहतं, आणि वाऱ्यानं थेंब संत्र्याच्या हिरव्या फुटव्यावर गेले तर झाडच पोळतं. शिवाय उन्हाळ्यात बकरीला हिरवा चारा कुठून आणायचा? आम्ही तो याच आळ्यातून आणतो. फवारलेलं गवत तिला घालायचं नाही.

चारा नेऊन उरलेलं गवत तिथेच सुकवून अंथरतो. बी धरलेलं तण आणि हरळी त्यात नको. हरळी ठिबकखाली पुन्हा मूळ धरते. गवत कमी पडतं, म्हणून सोयाबीनचं कुटार मिसळतो. थर चार बोटं जाड असावा, आणि बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर ओलाव्यानं डिंक्या लागतो. खालची माती दुपारीही ओलसर लागते आणि नवं तण कमी उगवतं. उधई दिसली तर थर हलवून पाहा. हात घालण्याआधी काडीनं उचला, खाली विंचू असतो. आणि बागेत बिडी ओढणाऱ्याला सरळ बाहेर काढा. घरचा असला तरी.

या कामाला खणणीपेक्षा फेऱ्या जास्त लागतात, हे खरं. आमच्याकडे दर पंधरवड्याला एक होते. मजुरी ठरवताना म्हणूनच आधी सांगायचं, की एकदाचं काम नाही, पावसाळ्यापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या धरा. नाहीतर दुसऱ्या फेरीला आपणच घरचं काम म्हणून फुकट राबतो.

मृगाचा पाऊस लागला आणि जमीन भारी असली, तर अंथरलेलं बुंध्यापासून आणखी मागे ओढून घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही.