मानाचे पद आणि माणूस : सर होमी मोदी



आपल्यासारख्या जुन्या ग्रंथालयांचे अध्यक्षपद पुष्कळदा एखाद्या व्यापाऱ्याकडे वा उद्योगपतीकडे सन्मानाने जाते. अशा मानाच्या पदाला मोल कशाने येते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज मी सर होमी मोदी यांचे चरित्र निवडले आहे.

मोदींचा जन्म १८८१ चा. घराणे पारशी, शिक्षण वकिलीचे. फिरोजशहा मेहता यांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ते मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष झाले, टाटा उद्योगसमूहात संचालकपदी पोहोचले आणि मध्यवर्ती विधिमंडळातही बसले. १९३३ मध्ये लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी त्यांनी केलेला मोदी-लीस करार गाजला. जपानी कापडाच्या स्पर्धेने गांजलेल्या मुंबईच्या गिरण्यांना तो सोयीचा वाटला. राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी मात्र त्यावर कठोर टीका केली.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला, तेव्हा मोदींकडे पुरवठा खाते आले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हाही ते त्या मंडळात होते. ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले आणि सरकार त्यांची सुटका करीना, तेव्हा तीन सभासदांनी राजीनामे दिले. एक आपले लोकनायक बापूजी अणे, दुसरे बंगालचे उद्योगपती नलिनीरंजन सरकार आणि तिसरे सर होमी मोदी. अण्यांची हयात राजकारणात गेली होती. त्यांचा निर्णय समजण्याजोगा आहे. ज्याचा सारा जन्म तडजोडीच्या व्यवहारात गेला, त्या मोदींनाही या प्रसंगी तडजोड नकोशी वाटली, हे मला अधिक लक्षणीय वाटते.

सरोजिनी नायडू यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये ते संयुक्त प्रांताचे राज्यपाल झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९५० मध्ये, त्या प्रांताला उत्तर प्रदेश हे नाव मिळाले. जमीनदारी निर्मूलनाचा कायदाही त्याच काळात झाला. मात्र त्याचे कर्तृत्व गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळाचे. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे, ही घटनेची मर्यादा. एके काळी गिरणीमालकांचा कारभार हाकणाऱ्या माणसाने ते पद १९५२ पर्यंत सांभाळले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

सत्तेचे पद त्यांनी एका प्रसंगी सोडले आणि पुढे सत्ता नसलेले पद स्वीकारले. मला वाटते, पहिल्या कृतीमुळेच दुसऱ्या पदाला शोभा आली. जे पद सोडण्याची आपली तयारी असते, तेच आपल्याला निःशंकपणे भूषविता येते. या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात येथे बसणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.