दगडीचे जंतू औषधाला का जुमानत नाहीत?
(पशुपालक मेळाव्यातील भाषण)



गाईला दगडी झाली की आपण दुकानातून सडात सोडायची ट्यूब आणतो. दोन वेळा सोडली, सूज उतरली, की उपचार थांबवतो. इथेच घात होतो. नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही. अपुऱ्या मात्रेचा हा धोका पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच सांगितला होता.

हे जंतू गोठ्यातच राहत नाहीत. कच्चे दूध, शेण व हात यांवाटे घरात येतात. माणसाच्या गंभीर आजारात उपयोगी पडणाऱ्या कोलिस्टिनचा जनावरांतील वापर म्हणूनच केंद्र शासनाने २०१९ मध्ये बंद केला.

मग नवे उपाय कोणते? पहिला, जंतुभक्षक विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज. तो ठरावीक जंतूच्या पेशीत शिरतो, तेथे वाढतो आणि जंतू फोडून बाहेर पडतो. जनावराच्या पेशींना तो इजा करत नाही. १९१७ साली फेलिक्स द'हेरेल यांनी त्याला हे नाव दिले. मात्र प्रत्येक जंतूला त्याचाच फाज शोधावा लागतो. दगडीवर यासंबंधी संशोधन चालू आहे. त्याची वाट पाहत बसू नये.

दुसरा उपाय घरचा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेला लेप असा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावे. कास धुऊन, पिळून, पाण्याने पातळ केलेला लेप दिवसातून आठ-दहा वेळा, निदान पाच दिवस लावावा. ताप असेल, जनावर खात नसेल तर पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

तिसरा उपाय, औषध सुरू करण्यापूर्वी दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत प्रयोगशाळेत द्यावा. कोणते औषध चालेल ते तेथे कळते.

प्रतिजैविक दिलेच, तर मात्रा पूर्ण करा. लेबलवरील मुदत संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. दूध ओतून देताना जीव तुटतो, हे खरे. म्हणूनच दगडी होऊ न देणे स्वस्त पडते. गोठा कोरडा ठेवा, आजारी गाय शेवटी पिळा, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत गाय उभी राहील.

औषध राखून वापरले, तरच ते अडीअडचणीला उपयोगी पडेल; जनावराच्याही आणि आपल्या लेकराच्याही.