मुंबईची संग्रहालये आणि उद्याने

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जिल्ह्याच्या गावाहून व्यापारी मुंबईस जातो, तेव्हा त्याची वाट ठरलेली असते. सकाळी देरासरात दर्शन-पूजा, दिवसभर मुळजी जेठा मार्केटात खरेदी आणि रात्रीची परतीची गाडी. कार्तिकी पौर्णिमेस तो भायखळ्याच्या मोतीशा शेठ मंदिरातही जातो. परंतु तेथून जवळच असलेल्या राणीच्या बागेत त्याची पावले सहसा वळत नाहीत. पिंजऱ्यातील प्राणी पाहून अहिंसाप्रिय मन खट्टू होते, हे कारण खोटे नाही. तथापि ती बाग केवळ प्राण्यांची नव्हे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने आज ओळखली जाणारी ही बाग १८६२ साली खुली झाली. तेथे सुमारे तीन हजार वृक्ष आहेत. गोरखचिंच, कैलासपती, लाल फुलांच्या झुपक्यांनी लवणारी उर्वशी अशी झाडे एका आवारात अन्यत्र क्वचितच दिसतील.

याच आवारात मुंबईचे सर्वांत जुने संग्रहालय आहे, आणि त्याची कथा व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. आरंभी हा संग्रह कोटातील एका बराकीत होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत ती जागा सैन्यास हवी झाली. वस्तू घाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांत पुष्कळ नासधूस झाली. तेव्हा नाना शंकरशेठ, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड यांनी लोकवर्गणीतून नवे संग्रहालय उभारण्याचे मनावर घेतले. दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत यादवी चालू असल्याने मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. १८६२ साली पायाभरणी झाली. १८६५ साली ते युद्ध संपले, बाजार कोसळला, नामांकित पेढ्या बुडाल्या आणि वर्गणीचा ओघ आटला. कालचा लक्षाधीश आज देणेकऱ्यांच्या यादीत गेल्यावर संग्रहालयाची आठवण कोणास राहणार? अखेर सरकारने हात दिला आणि १८७२ साली दरवाजे उघडले. १९७५ साली या वास्तूस भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

इमारत उभी राहिली म्हणजे काम संपले, अशी समजूत धर्मादाय संस्थांतही आढळते. या वास्तूस पुढे अवकळा आली ती उभारणीच्या पैशावाचून नव्हे, देखभालीवाचून. २००३ साली महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन जीर्णोद्धार हाती घेतला. त्यास २००५ साली युनेस्कोचा गौरव लाभला आणि २००८ च्या जानेवारीत वास्तू पुन्हा खुली झाली. जीर्णोद्धार हा शब्द समाजास नवा नाही; तो मंदिराबाहेरही लागू पडतो, एवढेच येथे दिसले.

बागेच्या बाबतीतही असाच प्रसंग आला. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा जुनी झाडे जातील या भयाने सामान्य नागरिक पुढे सरसावले. झाडांची मोजदाद झाली, निवेदने दिली गेली आणि मूळ आराखड्यास मुरड घालावी लागली. त्या नागरिकांचा त्यात कवडीचाही स्वार्थ नव्हता.

फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ साली झाली. महायुद्धात ही इमारत सैनिकांचे रुग्णालय झाली आणि १९२२ साली जनतेसाठी खुली झाली. येथे श्रवणबेळगोळची कांस्याची बाहुबली मूर्ती आहे. इ. स. ९८१ च्या सुमारास घडविलेल्या तेथील प्रचंड गोमटेश्वराहूनही ती जुनी मानली जाते. खांद्यावर रुळणाऱ्या केसांच्या बटा, अंगावर चढलेल्या वेली, आणि मुद्रेवर काहीच नको असल्याची शांती. येथे पूजा होत नाही, केशर-चंदन नाही. तरीही एखादा श्रावक तिच्यापुढे नकळत हात जोडतो. शेजारच्या जहांगीर कलादालनास मात्र हा श्रावक बिचकतो. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या दालनात चित्र विकत घेण्याची सक्ती कोणावर नाही, आणि न समजलेले चित्रही पाहण्यास मोकळीक आहे.

मलबार टेकडीवरील देरासराचे दर्शन घेऊन मंडळी हँगिंग गार्डनमध्ये बसतात. पायाखाली शहराच्या पाण्याचे टाके आहे, हे मुलांस सांगितले तर ती हिरवळीवर जपून पावले टाकतात! माहीमचे निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या ढिगावर उभे राहिले आहे.

तरी वेळ थोडा असेल, तर भायखळ्याच्या संग्रहालयातच जावे. तेथे निरनिराळ्या जातीजमातींच्या पगड्यांच्या लहान प्रतिकृती मांडल्या आहेत. कोणाचा पीळ कसा, काठ कोठे दुमडावा, हे एके काळी प्रत्येक कापड दुकानदारास पाठ असे. गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे पाहून तो गाव सांगत असे. अशी पगडी स्वतः पाहिलेली वडीलधारी मंडळी आज या सभागृहात मोजकीच असतील. त्यांना सोबत घेऊन नातवंडांनी त्या कपाटापुढे उभे राहावे, आणि आजोबांनी बोलावे.