गावच्या गोळ्यांची चिठ्ठी
(स्वागताध्यक्षीय भाषण)

खानदेशातून आणि मुंबई-नाशिकहून आलेले डॉक्टर, परिचारिका भगिनी आणि औषधविक्रेते मित्रहो,

तापीकाठच्या सारंगखेड्यात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत. एकमुखी दत्ताचं हे गाव. दत्तजयंतीला इथे यात्रा भरते, दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विक्रीला येतात. आज आपण ज्याच्यावर बोलणार आहोत तो क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जंतू घोड्यांनाही सोडत नाही. अँटिबायोटिकनंतर घोड्याला लागणारा जीवघेणा जुलाब पशुवैद्यकांच्या ओळखीचा आहे.

रुग्णालयात दाखल असलेल्या कर्करुग्णाच्या आतड्याला या जंतूची लागण का होते, हा परिषदेचा विषय. तो मोठ्या रुग्णालयांचा आहे असं वाटेल. मी गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर, आणि मला तो आमचाही वाटतो. धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस धुळे किंवा सुरत करत परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो, तोवर त्याच्या पोटात गावोगावच्या गोळ्या गेलेल्या असतात. नातेवाइकांच्या थैलीत एक्स-रे असतो, रिपोर्ट असतात, रेशनकार्डाची झेरॉक्स असते, जनआरोग्य योजनेची कागदं असतात. आम्ही काय दिलं, त्याची चिठ्ठी तेवढी नसते.

निरोगी आतड्यात उपयोगी जंतूंची दाट वस्ती असते, तिच्यात या पाहुण्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. अँटिबायोटिकने ती वस्ती उठते, हा शिरतो आणि त्याचं विष आतड्याचं अस्तर सोलतं. अँटिबायोटिकनंतरच्या गंभीर आतडेदाहामागे हाच जंतू आहे, हे 1978 साली उघड झालं. क्लिंडामायसिन, सिप्रोच्या जातीची औषधं आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स यांत धोका जास्त. सेफिक्झिम त्यातलीच, आणि साध्या सर्दी-तापालाही ती सर्रास लिहिली जाते. जोडीला ॲसिडिटीची गोळी ठरलेली. तिचाही या संसर्गाशी संबंध आढळला आहे.

कर्करुग्णाची अडचण दुहेरी. केमोने आतड्याचं अस्तर दुखावतं, पांढऱ्या पेशी घसरतात. अशात ताप आला की अँटिबायोटिक तातडीने द्यावंच लागतं, तिथे हात आखडून चालत नाही. वय 65 च्या पुढे, वॉर्डातला मुक्काम लांबलेला, आधी एकदा हाच संसर्ग झालेला, तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच टाळता येण्याजोगी प्रत्येक गोळी आधीच टाळायला हवी, आणि ते काम आमच्या दवाखान्यात होऊ शकतं.

परतीची वाटही आमच्याच दारावरून जाते. केमो घेऊन आलेल्या माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा पातळ होतं. घरचे म्हणतात, “डॉक्टर, बंद व्हायची गोळी द्या.” मला इथे कळकळीने सांगायचं आहे: तपासणीआधी ती गोळी देऊ नका. या आजारात आतड्याची हालचाल थांबवली तर विष आतच कोंडण्याची भीती असते. शौचाचा नमुना पाठवा, उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करा.

परिचारिका भगिनींना हे नवं नाही, पण नातेवाइकांना सांगायलाच हवं: खाटेच्या पायथ्याला अडकवलेल्या सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवावे लागतात, आणि बेडपॅन, संडासाची कडी, नळाची तोटी ब्लीचने पुसावी लागते.

औषधविक्रेत्यांनाही एक विनंती. 2014 पासून एच-वन यादीतल्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स त्या यादीत आहेत. ती वही मनापासून भरा. आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर औषधाचं नाव, तारीख आणि किती दिवस दिलं ते वाचता येईल असं लिहू. शहरातल्या तज्ज्ञांनी डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी मराठीत लिहाव्यात: कोणती अँटिबायोटिक दिली, आणि जुलाब लागले तर कुणाला फोन करायचा. या दोन कागदांचा नमुना आज दुपारच्या सत्रात एकत्र बसून ठरवावा, असा माझा आग्रह आहे.