मिकागेचा डबा
(विहारातील वर्षावास प्रवचनमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात धम्मग्रंथाचं वाचन सोडून ही जपानी कादंबरी मध्येच कशाला, असं काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. बनाना योशिमोतो यांची 'किचन' १९८८ साली जपानमध्ये निघाली, १९९३ साली इंग्रजीत आली. तिकडच्या तरुण मुलींनी ती डोक्यावर घेतली, काही समीक्षकांना मात्र ती फारच हलकी वाटली. लेखिकेचे वडील ताकाआकी योशिमोतो यांनी बौद्ध आचार्य शिनरान यांच्यावर लिहिलं आहे. मुलीच्या पुस्तकात उपदेश शोधूनही सापडत नाही.

मी दोन रविवार वंदनेनंतर ती कथा मराठीत सांगितली. मिकागेची आजी वारते. घरात दुसरं कुणी नाही. तिला झोप येते ती फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. युईची नावाचा मुलगा तिला आपल्या घरी नेतो. त्याची आई एरिको ही पूर्वी त्याचा बाप होती. बायको गेल्यावर ती बाई म्हणून जगू लागली. इथं पोरं हसली. मागून एक आजी म्हणाल्या, "लेकराला वाढवलं ना? मग आईच." हसू थांबलं.

पुढे एरिकोचा खून होतो. युईची दूर एका सरायीत जाऊन बसतो. कामानिमित्त परगावी गेलेली मिकागे एका रात्री कात्सुदोन, म्हणजे तळलेलं मांस नि अंडं घातलेला भात खाते. तो इतका आवडतो की आणखी एक बांधून घेते, टॅक्सी करते आणि छपरावर चढून त्याच्या खिडकीशी पोहोचते.

एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "यात घडतं काय? दुःख आहे, निरोधाचा मार्ग कुठाय?" कॉलेजच्या मुलींना छपराचा प्रसंग आवडला, त्या प्रेमावर बोलल्या. तेवढ्यात एक ताई उठल्या. त्यांचा तरुण मुलगा गेला आहे. त्या मला म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पुण्यानुमोदन झालं आणि डबे बंद झाले. महिन्यानं तुम्ही आलात, किसा गोतमीची गोष्ट सांगितलीत. दोन दिवस माझी चूल पेटली नव्हती. जेवलीस का, हे कुणी विचारलं नाही."

मला उत्तर सुचलं नाही. सगळं अनित्य आहे, हे मी त्या दिवशी त्यांना किती सहज सांगून आलो होतो!

घरी येऊन किसा गोतमीची कथा पुन्हा वाचली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती आली, तेव्हा तथागतांनी तिला अनित्यता सांगितली नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण म्हणाले. ती दारोदार फिरली. मोहरी द्यायला प्रत्येक घरातलं माणूस उठून दाराशी आलं, आपलं कोण गेलं ते तिला सांगितलं. तिला समजलं ते त्या दारांत. मी इतकी वर्षं ही कथा सांगतो, पण दारातल्या त्या माणसांकडे कधी पाहिलं नव्हतं. मिकागेसुद्धा एरिको गेल्यावर लगेच नाही, बऱ्याच दिवसांनी जाते. इतर लोक आपापल्या कामाला लागलेले असतात तेव्हा.

परवा मी त्या ताईंकडे गेलो. गोष्ट सांगायची नाही असं ठरवून गेलो, पण सोबत काही न्यावं हे काही सुचलं नाही. चहा त्यांनीच केला.