खडीवरचे विरजण

मासे पाळणारा तळ्यात जे खाद्य टाकतो, त्यातला नायट्रोजन माशांच्या अंगी लागतो तो साधारण पाव ते एक-तृतीयांश. बाकीचा सगळा पाण्यात उतरतो, बराचसा अमोनियाच्या रूपाने. यावर ‘पाणी बदला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. झाशीत तो देणाऱ्याने आधी मे महिन्यातली झाशी पाहावी. पारा ४५ अंशांच्या घरात, विहिरींनी तळ गाठलेला. नवे पाणी आणायचे कुठून? आणि जुने सोडायचे कुठे? ते नाल्यानाल्याने पहूज नाही तर बेतवा नदी गाठणार, किंवा शहराच्या सांडपाण्याने आधीच बेजार झालेल्या लक्ष्मी तालासारख्या एखाद्या तळ्यात जाणार. म्हणून पाणी बदलण्याऐवजी तेच स्वच्छ करून पुन्हा वापरावे, आणि त्याला लागणारे सामान झाशीच्या दारात पडले आहे. क्रशरवरची गिट्टी, म्हणजे आपली खडी, विटांचे तुकडे आणि काठाला लावायला कर्दळ.

पण खडी टाकली की पाणी गाळले जाते, हा समज आधी डोक्यातून काढा. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, तो खडीत अडकत नाही. खडीच्या अंगावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतो. हे काम विरजणासारखे आहे. दुधात विरजण घातले की लगेच दही लागत नाही. इथेही चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत दही उशिरा लागते, तसा झाशीच्या जानेवारीत हा थरही रेंगाळतो. कालच्या दह्यातले चमचाभर आज लावतो, तशी चालू गाळणीतली घमेलेभर ओली खडी नव्या गाळणीत घातली तर काम लवकर सुरू होते. आणि विरजणाचे भांडे कुणी मध्येच घासून ठेवत नाही! खडी मात्र शेवाळली, घाण दिसली म्हणून क्लोरीनच्या पाण्याने लख्ख धुतली जाते. नवी असताना तिच्यावरची भुकटी जरूर धुवा. एकदा थर धरला की धुऊ नका. विष्ठा आणि उरलेले खाद्य खडीच्या आधी केलेल्या खड्ड्यात खाली बसू द्या आणि तो गाळ उपसत राहा, म्हणजे खडी तुंबणार नाही.

कुणी म्हणेल, रोहू-कटल्याच्या तळ्याला हिरवे पाणी हवेच असते, त्यासाठी तर शेण घालतो. खरे आहे, पण प्रमाणात. हात पाण्यात सरळ खाली घाला. कोपर बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला, तर खत आणि खाद्य थांबवा. अशा दाट हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी ९ वर जातो आणि तिथेच धोका आहे. पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. ९ वर, उन्हाळ्याच्या पाण्यात, एक-तृतीयांशाहून अधिक असतो. दुसरा आक्षेप विजेचा, ती गेली की पंप बंद. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पालटायला साधारण साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. खडी पाण्यात बुडालेली असेल आणि पंप बंद पडला, तर थर गुदमरतो. म्हणून खडी उघड्यावर रचा आणि पाणी वरून ठिबकू द्या. काही तास वीज नसली तरी ओल्या खडीला हवा मिळत राहते. तिसरा आक्षेप मोठ्या तलावांचा, आणि तो मला मान्य आहे. ही गाळणी टाक्यांना, मत्स्यबीजाच्या आणि लहान तळ्यांना पुरते. गावतलावात खाद्यच हात राखून टाकावे, दुसरा उपाय नाही.

आता उरले नायट्रेट. ते कर्दळ पिते, पण कापून बाहेर काढली तरच, जलपर्णीचेही तेच. तिथेच सडू दिली तर घेतलेले सगळे पाण्यात परत. शिवाय हे पाणी खतच आहे, बरुआसागरकडच्या भाजीच्या वाफ्यांना ते द्यावे. फॉस्फरसचा विषय वेगळा, त्याला ग्रॅनाइटची खडी फारशी उपयोगी नाही, विटांचे तुकडे बरे, पण तेही कालांतराने भरतात आणि मग बदलावे लागतात. किती दिवसांनी, ते पाण्यावर अवलंबून. वेळ संपत आली आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. एवढे मात्र थर जपण्यासाठी सांगतो. तळ्यात लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकायची वेळ आली, तर आधी गाळणीकडे जाणारे पाणी बंद करा, खडी तळ्याबाहेरच्या साध्या पाण्याने ओली ठेवा, आणि औषधाचा रंग पूर्ण उतरल्यावरच पाणी पुन्हा सोडा.