रानाचा हजेरीपट



मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य कारखान्यांच्या दारांत गेले. तेथे एवढे कळले की, हजेरीपटावर नाव नसलेला गडी वीस वर्षे राबला तरी ग्रॅच्युइटीच्या वेळी त्याला 'तू कोण?' असेच विचारतात. रानात बसून केलेल्या संशोधनाची गतही तीच आहे. अभ्यासकेंद्रातून कोणते लेख निघाले, कोणी लिहिले, कोठे छापले, याची यादी नसेल तर ते काम झालेच नाही असे धरून चालतात.

१९३० साली नोकरी गेलेले सालिम अली किहीमला राहून सुगरणीची घरटी पाहत होते. आपण 'सुगरण' म्हणतो खरे, पण विणतो नर! अर्धे घरटे मादीला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो, आणि मग दुसरीसाठी दुसरे मांडतो. हे १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले, म्हणून आजही सापडते. ते नियतकालिक १८८६ पासून चालू आहे.

आता आपल्या दाराशी या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि भोवताली २०१५ साली ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ साली ४७. बिबटे वाढले, की कॅमेरे जास्त जागी लावले? दोन्ही अहवाल शेजारी ठेवल्यावाचून कोण सांगणार? वर्तमानपत्राला आकडा पुरतो. रानाला पुरत नाही.

आरेचेच पाहा. तेथे सापडलेल्या एका विंचवाच्या आणि एका कोळ्याच्या शास्त्रीय नावात 'आरेएन्सिस' हा शब्द आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथे दोन हजारांवर झाडे पडली, आणि हे जंगल की नव्हे, हा वाद न्यायालयात गेला होता. अशा वेळी आपला जिव्हाळा कोणी विचारीत नाही. छापील कागद कोठे आहे, ते विचारतात.

यादीला मोठी विद्या लागत नाही. एक नेमलेला कारकून लागतो, आणि त्याची बदली झाली तरी वही जागेवर राहावी लागते. माझी एक मागणी मात्र लिहून घ्या. लेखावर शास्त्रज्ञाचे नाव येते. ज्या वनरक्षकाने पाणवठा दाखविला, पाड्यावरच्या ज्या माणसाने ठसा ओळखला, त्याचे नाव निदान या वहीत तरी असावे. प्रत्येक नोंदीखाली मराठीत दोन ओळी असाव्यात, आणि एक प्रत आपल्या सार्वजनिक वाचनालयात यावी. कपाटाच्या वर्गणीचे मी पाहतो.